घाटमाथ्यावरचा थांबा

आमच्या गाडीला शंभरपैकी एकतीस मार्क पडले, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झालो. गाडीचे मार्क म्हणजे माझे मार्क नव्हेत, एवढं मला कळतं. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलंय. पण मोबाईलवर लाल अक्षरांत ‘मॉडेल: बलभीम. मालक: दिनकर चाळके. विश्वासांक: ३१’ असं उमटलं आणि माझं डोकंच फिरलं.

“वैजू, हे बघ काय आलंय!”

वैजयंती अंगणात अबोली खुडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “किती?”

“एकतीस!”

“पस्तीसला पास ना? मग चार ग्रेसचे द्या म्हणावं.”

हिला सगळ्याचीच थट्टा. पण खालची ओळ वाचून दाखवली तेव्हा तिचाही हात थांबला. एक फेब्रुवारीपासून चाळीसच्या खालच्या गाड्यांना घाटात बंदी होती. गाडी बंद पडली की अख्खा घाट तुंबतो, म्हणून हा नियम. नियमात खोट काढायला मला जागा नव्हती, आणि त्याचाच जास्त राग आला.

घाट आमच्यासाठी काय आहे ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी वैजूच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही कराडला डायलिसिसला जातो. घाटाखालच्या सेंटरला तीन वर्षांची वेटिंग लिस्ट. वाघजाईचा घाट चढून गेलं तर दोन तासांत कराड, फिरून जायचं तर पाच. पाच तास जायला, चार तास सुईला, पाच तास यायला, असं आठवड्यातून तीनदा कुणी केलंय? घाट बंद म्हणजे वैजूला घर सोडून पुण्याला जावं लागणार, मुलीकडे, बाराव्या मजल्यावर.

आणि मुलगी कोण? ऋजुता दिनकर चाळके, राष्ट्रीय वाहन विश्वास मंडळात संख्याशास्त्रज्ञ. हा विश्वासांक ज्या पाच जणांनी बनवला त्यातली एक. म्हणजे पोटच्या पोरीनेच बापाच्या गाडीला नापास केलं होतं!

मी तडक फोन लावला. “रिजू, चौदा वर्षांत ही गाडी एकदा तरी रस्त्यात बंद पडलेली आठवते तुला?”

“नाही बाबा.”

“मग?”

“बाबा, एक कोटी दहा लाख गाड्यांचा हिशेब आहे तो. तुमची एक गाडी म्हणजे नुसता किस्सा. एका उदाहरणावरून नियम काढू नये, असं मला नववीत कुणी शिकवलं?”

मीच शिकवलं होतं. आता बोला!

तो अंक कसा निघतो तेही तिनेच समजावलं होतं, आणि तिच्या समजावण्यात खोट नव्हती. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक गाडीत साबणाच्या वडीएवढी एक पेटी बसवली गेली. ही पेटी गाडीची थरथर ऐकते. प्रत्येक बेअरिंगचा, प्रत्येक पट्ट्याचा स्वतःचा एक आवाज असतो. भाग झिजायला लागला की तो आवाज बदलतो. माणसाच्या कानाला कळायच्या कितीतरी महिने आधी पेटीला कळतो. सगळ्या पेट्या हे ऐकलेलं मंडळाच्या मोठ्या यंत्राकडे पाठवतात. ते यंत्र ताडून बघतं, की कुठला आवाज आला आणि त्यानंतर गाडी बंद पडली. कोट्यवधी वेळा असं बघून ते शिकलं. मग कुठलं मॉडेल किती वेळा दगा देतं, आणि त्यातही तुमची गाडी किती, असं मिळून शंभरपैकी मार्क द्यायला लागलं.

मी एकच प्रश्न विचारला. “गाडी बंद पडली हे यंत्राला सांगतं कोण?”

“कुणीच नाही. लोकांना विचारून काही उपयोग नसतो बाबा. ज्याला गाडी विकायचीय तो कधी खरं सांगेल? पेटी स्वतः ओळखते.”

“कशावरून?”

“ते गुप्त आहे. सांगितलं तर लोक पेटीला फसवतील.”

“उत्तर छापायचं आणि रीत लपवायची? माझ्या वर्गात असल्या गणिताला मी शून्य द्यायचो!”

फोन आपटला. म्हणजे आपटण्यासारखा बंद केला. हल्लीच्या फोनवर धड रागही काढता येत नाही.

गंमत अशी की अंक कळल्यापासून गाडी आवाज करायला लागली. खरंच सांगतो. आधी जी गाडी गुमान चालायची, तिचं दार वाजलं तरी मी वेग कमी करून कान लावायचो. घाटातल्या प्रत्येक वळणाला वाटायचं, आता गेली. वैजू म्हणाली, “गाडी तीच आहे हो. कान बदललेत तुमचे.”

शेवटी गाडी इब्राहिमभाई परकारांच्या गॅरेजात नेली. चाळीस वर्षं हा माणूस बॉनेटखाली डोकं घालून बसलाय. त्याने गाडी फिरवून आणली, वर उचलली, खाली आडवा झाला, आणि तासाभराने हात पुसत बाहेर आला.

“सर, इंजिन ठणठणीत. ब्रेक एक नंबर. पेटी म्हणते मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगला घरघर आहे. ती मात्र खरी. मला नसती ऐकू आली. बदलून टाकलं.”

“मग एकतीस कसे?”

“अल्ला जाने. हल्ली गिऱ्हाईक येतो तो, आवाज कसा येतो ते सांगतच नाही. मोबाईल पुढे करतो, म्हणतो, अंक वाढवून द्या!” त्याने माझ्या गाडीच्या टपावर थाप मारली. “पेटीला कान फर्मास आहेत सर. पण डोळे नाहीत.”

मी मंडळाकडे अपील केलं. फॉर्म चार पानी. सगळं नीट भरलं, आणि तिसऱ्या पानावरच्या एका प्रश्नाशी अडखळलो. ‘आपण प्रवासात नियमितपणे वाटेत गाडी थांबवता का? असल्यास कारण.’

आता इथे मला एक कबुली द्यायला हवी. घाटमाथ्यावर वाघजाईचं ठाणं आहे. घाट चढून आलेला प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबतो. इंजिन बंद करतो, बॉनेट उघडतो, गुरवाकडून अंगारा घेतो आणि इंजिनाला लावतो. वैजूचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनी तीस वर्षं हेच केलं. एखाद्या ड्रायव्हरला विचारा, वाटेत कुठे थांबलात? तो म्हणेल, कुठेच नाही. वाघजाईला थांबणं हे त्यांच्या लेखी थांबणंच नव्हे.

मी मात्र आयुष्यभर नाही थांबलो. अंधश्रद्धेवर तालुकाभर भाषणं दिलेला माणूस मी. हेडमास्तरांच्या स्कूटरचं लिंबू-मिरची भर शाळेत तोडून टाकलंय. रिजू लहान असताना वैजू खिडकीतूनच हात जोडायची आणि मी मुद्दाम वेग वाढवायचो. पण डायलिसिसच्या पहिल्या दिवशी घाटमाथा आला आणि ती एवढंच म्हणाली, “आज थांबता का हो?” तिचा आवाज ऐकला आणि मी थांबलो. बॉनेटही उघडलं. येताना पुन्हा थांबलो, परत आलो हे सांगायला. तेव्हापासून आठवड्यातून सहा वेळा. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. रिजूला तर नाहीच नाही.

फॉर्मवर मी लिहिलं, ‘नाही.’

आठव्या दिवशी उत्तर आलं: ‘मालकाचे निवेदन पेटीच्या नोंदीशी विसंगत. अपील फेटाळले.’ मला खोटारडा म्हणाले! मी तणतणत घरभर फिरलो. पण खोटं मीच बोललो होतो, त्यामुळे तणतणण्यात नेहमीचा जोर नव्हता.

अठ्ठावीस जानेवारीला, मंगळवारी सकाळी रिजू तिची ‘निर्झरा’ घेऊन आली. विश्वासांक चौऱ्याण्णव. गुळगुळीत गाडी, बसलं की झोप येते. ठरलं असं, की आज कराडला शेवटचं डायलिसिस करायचं आणि तिथूनच पुण्याला जायचं. दोन बॅगा डिकीत गेल्या. वैजूने अबोलीचं एक रोप डब्यात घालून मांडीवर घेतलं. घराला कुलूप लावताना मला दोनदा किल्ली फिरवावी लागली, डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

“आई, तिथे सगळं दहा मिनिटांवर आहे गं,” रिजू गाडी चालवताना सांगत होती. “हॉस्पिटल, बाग, सगळं.”

“हो बाळा,” वैजू म्हणाली. माझी बायको एवढी शहाण्यासारखी बोलते तेव्हा ती आतून मोडलेली असते. रिजूलाही ते माहीत होतं.

घाटमाथा आला तशी वैजू पुढे वाकली. “इथे थांब गं जरा.”

“इथे? बाबा ओरडतील.”

“नाही ओरडणार.”

रिजूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे बघत होतो. दरीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

गाडी थांबली. बाळू गुरव ताटली घेऊन लगबगीने आला आणि त्याने माझं पुरतं वस्त्रहरण केलं. “सर! आज बलभीम नाही आणली? मी म्हटलं, मंगळवार असून सर आले कसे नाहीत. ताई, बॉनेट उघडा की. सर नेहमी स्वतः उघडतात.”

“बाबा?”

“अगं, इंजिन तापलेलं असतं. हवा लागलेली बरी,” मी म्हणालो.

“दोन वर्षं उघडतात,” वैजू शांतपणे म्हणाली. “जाताना आणि येताना.”

रिजू खाली उतरली, बॉनेट उघडलं. गुरवाने अंगारा लावला, वैजूने डोळे मिटून नमस्कार केला. पाच-सात मिनिटं गेली असतील. आम्ही परत बसलो, गाडी सुरू झाली, आणि समोरच्या पडद्यावर टिंग असं वाजलं. आमच्या जुन्या बलभीमला असला पडदाच नव्हता.

‘अनियोजित थांबा. बिघाड नोंदवला. विश्वासांक ९४ वरून ९३.’

रिजूने करकचून ब्रेक दाबला. अबोलीच्या डब्यातली माती सांडली.

“काय गं, झालं काय?” वैजू घाबरली.

“बाबा,” तिचा आवाज बारीक झाला होता, “आठवड्यातून किती वेळा थांबता इथे?”

“सहा.”

“दर वेळी बॉनेट उघडून?”

“हो! आता अजून किती कबूल करू?”

“गुप्त होतं ना, ते सांगते आता. गाडी हमरस्त्यावर थांबली. पंप नाही, हॉटेल नाही, घर नाही. इंजिन बंद झालं. बॉनेट उघडलं. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू होऊन गेली. हे सगळं एकत्र आलं की पेटी बिघाड लिहिते.” ती मागे वळून ठाण्याकडे बघत होती. तिथे एका ओळीत तीन बलभीम उभ्या होत्या. तिन्हींची बॉनेटं वर, आणि ड्रायव्हर हात जोडून उभे. “बाबा, आमच्या यंत्राला वाटतंय त्या तिन्ही गाड्या आत्ता बंद पडल्यात.”

मला इब्राहिमभाईची आठवण झाली. कान फर्मास, पण डोळे नाहीत.

वैजूला सुया लागल्या ते चार तास रिजू हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. मी चहा आणला, तो निवला. दुसरा आणला, तोही निवला. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. राज्याचा नकाशा, आणि त्यावर बलभीमच्या तीन वर्षांतल्या सगळ्या बिघाडांचे लाल ठिपके. ते सगळीकडे विखुरलेले नव्हते. घाटमाथ्यांवर नुसता बुचका झालेला. शंभरातले बासष्ट बिघाड कुठल्या ना कुठल्या घाटदेवीच्या पन्नास मीटरच्या आत होते.

“बलभीम घेतं कोण?” ती स्वतःशीच बोलत होती. “डोंगरातले लोक. प्रवासी भरणारे वडापवाले, दूधवाले, तुम्ही. निर्झरावाले द्रुतगती मार्गावरून भुर्रकन जातात, ते कशाला थांबतायत!”

“एवढे ठिपके एका जागी, आणि कुणाला खटकलं नाही?”

“खटकलं ना. पण आम्ही म्हटलं, चढ आहे, इंजिन तापत असणार. इतकं पटण्यासारखं होतं बाबा, की कुणी जाऊन बघितलंच नाही.” तिने डोळे पुसले. “एक विचारू? फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलंत? खरं लिहिलं असतंत तर मला त्याच दिवशी कळलं असतं.”

“तो फॉर्म तुझ्या ऑफिसात जाणार होता,” मी म्हणालो. “तू वाचशील म्हणून लाज वाटली.”

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “मी रीत लपवली, तुम्ही थांबा लपवलात. आणि आई चालली होती घर सोडून.”

तेवढ्यात वैजूला बाहेर आणलं. दमलेली, पण जीभ शाबूत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दोन वर्षं माझं रक्त त्या मशीनमधून फिरतंय. तिचा अंक किती, कधी विचारलंत का दोघांनी?”

“नाही,” रिजू म्हणाली. “तू कशी गं बसतेस मग बिनघोर?”

“सविता सिस्टर माझ्यादेखत एकेक नळी तपासतात. आणि मागे एकदा चुकलं तर आपण होऊन म्हणाल्या, काकू, माझं चुकलं, पुन्हा लावते. त्या दिवसापासून मी झोपते तिथे खुशाल.”

रिजूने तिथल्या तिथे फोन काढला आणि साहेबांना संदेश लिहिला. पहिली ओळ मी वाचली: ‘आपलं चुकलं आहे, आणि ते शुक्रवारपर्यंत जाहीर करायला हवं.’ नोकरीवर बेतू शकलं असतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने बटण दाबलं.

कराडच्या बाहेर फाटा आला. एक रस्ता पुण्याला, एक घाटाकडे. रिजूने काही न विचारता गाडी घाटाकडे वळवली. बॅगा तशाच डिकीत. वैजू तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस जीव टांगणीला लागला होता. गुरुवारी रिजूनेच आईला कराडला नेऊन आणलं, आणि वाटेत मंडळातल्या लोकांशी तिची फोनवर भांडणं चालली होती. त्यांनी कुरकुर केली, पण नकाशापुढे कुणाचं काही चाललं नाही. माझ्या गाडीच्या नोंदी दुरुस्त व्हायच्या तर माझं अपील नव्याने हवं होतं, आणि या वेळी खरं लिहिलेलं. मी तिसरं पान उघडलं. ‘आपण प्रवासात नियमितपणे वाटेत गाडी थांबवता का?’ लिहिलं, ‘हो. आठवड्यातून सहा वेळा, वाघजाईपाशी.’ ‘कारण?’ इथे मी दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, ‘बायकोला सुखरूप परत आणायचं असतं. त्यासाठी जे जे करता येईल ते करतो. हेही करतो.’

गुरुवारी रात्रीच पुण्याला गेलेल्या रिजूचा शुक्रवारी दुपारी फोन आला. नाक चोंदल्यासारखा आवाज. “बाबा, कारणाला पन्नास अक्षरांची मर्यादा आहे.”

“मग काय, पुन्हा फेटाळलं?”

“नाही. मी मर्यादा वाढवून घेतली.”

संध्याकाळी मंडळाने चूक कबूल केली. घाटमाथ्यांवरचे थांबे वगळून सगळे अंक नव्याने लावले, आणि बिघाड कशाला म्हणायचं ती रीतसुद्धा छापली. आमच्या बलभीमला बहात्तर. बेअरिंग बदललं नसतं तर अडुसष्टच पडले असते, असंही खाली लिहिलं होतं. मी इब्राहिमभाईला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “बहात्तर? कमीच दिले!” मला बहात्तर पुष्कळ होते. आणि ते बहात्तर कुठून आले हे आता मला पडताळून बघता येत होतं.

एक तारीख, शनिवार. घाटाच्या पायथ्याशी नवा अडसर, वर कॅमेरा. आमच्या पुढची गाडी लाल दिवा लागून बाजूला घेतली गेली आणि मी मोबाईलवर आमचे बहात्तर पुन्हा एकदा बघून घेतले. सगळं छापून आलेलं असलं तरी माणसाचं मन काही छापील ऐकत नाही. कॅमेऱ्याने आमचा नंबर वाचला. हिरवा दिवा लागला. अडसर वर गेला.

“सुटलो बाई एकदाचे!” वैजू म्हणाली, आणि मी इतक्या जोराने हसलो की पोलिसाने वळून बघितलं.

घाटमाथा येताच मी न सांगता दिवा दाखवून गाडी बाजूला घेतली, खाली उतरून बॉनेट उघडलं. मोबाईल वाजला. पेटी आता विचारायला शिकली होती: ‘थांब्याचे कारण?’ खाली इंधन, जेवण, विश्रांती, बिघाड आणि सगळ्यात शेवटी नवीन भर, देवस्थान. मी ते दाबलं, चारचौघांत.

वैजू काच खाली करून बघत होती. “रिजूने मला वाचून दाखवलं हो, फॉर्मवर काय लिहिलंत ते.”

“सगळं?”

“सगळं.”

बाळू गुरव नेहमीसारखा अंगारा लावायला पुढे आला. “दे इकडे,” मी म्हणालो. चिमूटभर घेतला, इंजिनाला लावला. बोटाला थोडा उरला होता तो खिडकीतून हात घालून तिच्या कपाळाला लावला. तिने डोळे मिटले.

“चला आता,” ती म्हणाली, “सिस्टर वाट बघत असतील.”